टॅपेट वाजतंय की भलतंच काही? परफॉर्मन्स इंजिनच्या हेडमधल्या आवाजावर नेहमी येणारे प्रश्न

इथले प्रश्न बहुतेक करून बाईकवाल्यांचे आहेत, ३९० ड्यूक, ६५० ट्विन, २२० पल्सर, जुनी बुलेट असल्या गाड्यांचे, मधेच एखादा सिटी व्हीटेकवाला पण येतो. हेड म्हणजे सिलेंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग. टॅपेट म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा भाग, आणि तिथे ठेवलेली बारीक मोकळी जागा म्हणजे गॅप. प्रत्येक गाडीचा गॅपचा आकडा वेगळा असतो त्यामुळे तो मी इथे देत नाही, तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. इथे फक्त आवाज कसा ओळखायचा आणि उगाच हेड कसं नाही उघडायचं तेवढंच.

टॅपेटचा आवाज म्हणजे नेमका कसला? मला तर सगळंच टिकटिक वाटतं.

टॅपेटचा आवाज वरून येतो, हेड कव्हरमधून, बारीक, कोरडा आणि एकसारखा. लोक शिलाई मशीन म्हणतात ते बरोबरच आहे. मुद्दा वेगाचा आहे. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन जिला फिरवतो त्या शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरते. आयडलला गाडी १२०० आरपीएमला असेल तर कॅम ६०० ला, म्हणजे एक व्हॉल्व्ह सेकंदाला १० वेळा उघडतो आणि एक सैल टॅपेट सेकंदाला १० वेळा वाजतो. क्रँककडचा आवाज, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वगैरे, हा क्रँकच्या वेगाने चालतो, म्हणजे त्याच आयडलला २० च्या हिशोबाने. कानाने २० मोजता येत नाहीत हे मान्य, पण "हा आवाज सावकाश आहे की त्याच्या दुप्पट वेगाने चाललाय" एवढं थोडं ऐकल्यावर कळायला लागतं. आणि दुसरी खूण म्हणजे थ्रॉटल दिला की टिकटिक जलद होते पण लोडने फारशी बदलत नाही. न्यूट्रलला ३००० वर जशी, तशीच चढावर ३००० ला. लोड आला की वाढणारा आवाज असेल तर टॅपेटवर संशय घेण्याआधी खालचं वाचा.

थोडी टिकटिक नॉर्मल आहे का? मित्राची सेम गाडी एकदम गप्प आहे.

नॉर्मल आहे. गॅप ठेवलाच आहे तर तो भरताना थोडा वाजणारच, मेटल मेटलवर बसतंय शेवटी. त्यात एअर-कूल्ड इंजिनला पाण्याचं जॅकेट नसतं, फिन्स स्वतःच किणकिणतात, काही गाड्यांच्या फिन्समध्ये रबराचे छोटे ठोकळे बसवलेले असतात ते वॉशिंगवाल्याने प्रेशर मारून उडवले की दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो टॅपेट वाजायला लागलं. क्रॅश गार्ड, बेली पॅन, लेग गार्डवर बांधलेली बॅग, सगळे आवाज परत तुमच्या कानाकडे फेकतात. कात्रजच्या बोगद्यात किंवा डिव्हायडरच्या भिंतीलगत चालवताना जो आवाज "अचानक" ऐकू येतो तो बहुतेक वेळा आधीपासूनच होता.

मित्राची गाडी गप्प आहे याचा अर्थ ती ठीक आहे असा होत नाही. ते पुढच्या प्रश्नात.

गॅरेजवाला म्हणतो टॅपेट जरा टाईट करतो, आवाज जाईल. करू द्यायचं का?

मोजून करत असेल तर हो. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) न काढता, गरम इंजिनवर, कानाने ऐकत ऐकत स्क्रू पिळत असेल तर नाही म्हणा, स्पष्ट नाही.

कारण असं की सैल टॅपेट आवाज करतं पण ते लगेच काही मोडत नाही. थोडी पॉवर जाते, रॉकरचं (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी दांडी) आणि कॅमचं तोंड हळूहळू खराब होतं, तुम्हाला वेळ मिळतो. टाईट टॅपेट मात्र काहीच आवाज करत नाही. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधली व्हॉल्व्ह टेकायची कड) पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायचा मुख्य रस्ता म्हणजे सीट, बंद असताना तो आपली उष्णता सीटला देतो. ते टेकणंच बंद झालं की त्याची कड जळते, मग कॉम्प्रेशन जातं, आणि मग हाफ इंजिन काम (इंजिनचा वरचा भाग उघडायचं). एक्झॉस्टचा गॅप इनटेकपेक्षा जास्त का ठेवतात हे पण यातच आलं, तो जास्त तापतो.

टाईट टॅपेटची लक्षणं कानाला नाही, चालवताना कळतात. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू, पण पंपावर पेट्रोल भरून पाच मिनिटांत परत स्टार्ट करायला गेलं की नाटक. गरम झाल्यावर आयडल पडतं. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट. गाडी एकदम शांत झालीये आणि वर हे सगळं चालू आहे, तर आधी गॅप मोजून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत "आवाज येतोय" वाले ढीगभर असतात, "आवाज गेला आणि गाडी गरम स्टार्ट होत नाही" वाले थोडेच, पण खर्च या दुसऱ्यांचाच मोठा निघतो.

टॅपेट नसेल तर दुसरं काय असू शकतं?

बरंच काही, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला संशयित एक्झॉस्ट लीक. बेंड पाईप जिथे हेडला बसतो तिथलं गास्केट. आफ्टरमार्केट सायलेन्सर लावताना जुनंच दबलेलं गास्केट परत घातलं की लीक होणारच, आणि त्याचा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा, कारण तो पण कॅमच्याच वेगाने येतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की एक टिक. फरक असा की हा आवाज थंड असताना मोठा असतो, थ्रॉटल उघडला की फटफटीत होतो, आणि मेटल गरम होऊन फुगलं की कमी होतो. पोर्टच्या तोंडाशी काळी काजळी दिसते का बघा. नक्की करायचं असेल तर थंड गाडी स्टार्ट करून, कुणाला तरी जाड सुती फडकं सायलेन्सरच्या टोकावर एक-दोन सेकंद अर्धवट दाबून धरायला सांगा, लीक असेल तर हेडजवळची टिकटिक लगेच वाढते. हात भाजून घेऊ नका म्हणजे झालं.

दुसरा इंजेक्टर. फ्युएल इंजेक्शनच्या सगळ्याच गाड्यांत इंजेक्टर टिकटिकतो, तो सोलेनॉइडचा आवाज आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो कारमध्ये तर हाय प्रेशर पंप कॅमवरूनच चालतो, त्यामुळे त्यांची खटखट ऐकून घाबरायचं कारण नाही.

तिसरा स्पार्क प्लग. हाताने लावून पुढे टाईट करायचाच राहिला की कॉम्प्रेशन थ्रेडमधून निसटतं आणि चक् चक् असा आवाज येतो. प्लगभोवती तेलकट काळं वर्तुळ असेल तर समजा.

चौथा क्लच. न्यूट्रलला आयडलवर गाडी खडखडतेय, क्लच दाबा. आवाज गेला किंवा बदलला तर तो हेडमधला नाहीच, क्लच बास्केट किंवा गिअरबॉक्सकडचा आहे. दोन सेकंदांची टेस्ट आहे ही, आणि ती न करता लोक हेड कव्हर उघडतात.

पाचवी टायमिंग चेन. हिचा आवाज टिकटिक नसतो, सरसर किंवा खरखर असतो, इंजिनच्या एका बाजूने, चेन जिथून वर जाते तिथून. थ्रॉटल सोडताना किंवा एका ठराविक आरपीएमला जास्त. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) थकलेला असतो किंवा चेन लांबलेली, कधी गाईडचं प्लास्टिक संपलेलं. टेन्शनर काढायचा असेल तर आधी इंजिन टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) लावा आणि तो बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका, चेन एक दात जरी उडी मारली तर पुढची टिकटिक व्हॉल्व्ह पिस्टनला लागल्याची असेल.

सहावं नॉकिंग, म्हणजे पिंगिंग. खंबाटकी चढताना वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर थ्रॉटल पिळला की जी किणकिण येते ती. टॅपेटशी काही संबंध नाही, पेट्रोल वेळेआधी किंवा वेडंवाकडं जळतंय. गिअर खाली घ्या, गेली तर तीच. हाय कॉम्प्रेशन पिस्टन किंवा अतिउत्साही रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदल) केलेल्या गाडीत ही ऐकू आली तर "चालतंय" म्हणून सोडू नका, पिस्टन फुटतो याने.

सातवं पिस्टन स्लॅप, म्हणजे पिस्टन बोअरच्या भिंतीवर आपटणं. सकाळी पहिल्या स्टार्टला बोअरमधून खटखट, पिस्टन तापून फुगला की कमी. आणि आठवं ते नको असलेलं, बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग. जड, खालून येणारा ठोका, लोडला वाढणारा. हा आला की गाडी तिथेच बंद.

घरच्या घरी आवाजाची जागा कशी शोधायची?

लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक हेडच्या बोल्टवर, मूठ कानामागच्या हाडाला. मग कव्हरच्या इनटेक बाजूला, मग एक्झॉस्ट बाजूला, मग चेन टनेलवर, मग इंजेक्टरवर, मग क्रँक केसवर. जिथे सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येतो तिथे खूण. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप ऑनलाईन स्वस्तात मिळतो, तो घेतला तर उत्तम. ओढणी, मफलर, हुडीची दोरी असलं काही चेन किंवा फॅनजवळ लोंबू देऊ नका.

फोन पण कामाचा आहे. आयडलला हेडजवळ फोन धरून दहा सेकंद रेकॉर्ड करा, आणि कुठल्याही ऑडिओ एडिटर ॲपमध्ये ती लाईन मोठी करून बघा, एका सेकंदात किती टोकं येतात ते मोजता येतं. आयडल १२०० आणि टोकं १० आली तर कॅमचा वेग, २० आली तर क्रँकचा असायची शक्यता जास्त. ट्विनमध्ये दोन्ही सिलेंडरचे टॅपेट वाजत असतील तर तिथे पण २० भरतील, तेवढं भान ठेवा. हेच रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुढच्या सर्व्हिसला तुलना करायला. "आधीपेक्षा वाढलाय का" याचं उत्तर आठवणीतून देता येत नाही.

मल्टी-सिलेंडर गाडी असेल तर आणखी एक युक्ती, एका सिलेंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढून काही सेकंद चालवून बघायचं. त्या सिलेंडरला जळण बंद झालं की बेअरिंगचा किंवा पिस्टनचा आवाज दबतो, टॅपेटला मात्र काही फरक पडत नाही, ते तसंच वाजत राहतं. फक्त कपलर काढल्यावर स्वतः इंजेक्टरचाच आवाज थांबला नाही ना, ते आधी डोक्यात ठेवा.

थंड असताना वाजतं आणि गरम झाल्यावर जातं. उलट पण होतं. काय समजायचं?

थंड असताना वाजून मिनिटभरात गेलं तर हायड्रॉलिक टॅपेट (ऑईलने स्वतः गॅप भरणारे), पिस्टन स्लॅप, एक्झॉस्ट लीक किंवा थकलेला टेन्शनर. थंड असताना ठीक आणि तापल्यावर सुरू झालं तर ऑईलकडे बघा, पातळ झाल्यावर प्रेशर पडतंय. अल्युमिनिअमचं हेड-बोअर स्टीलपेक्षा जास्त फुगतं त्यामुळे काही इंजिनांत गॅप गरम झाल्यावर वाढतो पण, म्हणूनच "गरम झाल्यावर थोडी जास्त टिकटिक" हा आपोआप दोष ठरत नाही. थंड-गरम दोन्हीला सारखंच वाजतंय तर सरळ गॅप मोजा.

गॅप मोजायची पद्धत सांगा ना, स्क्रू आणि लॉकनटवाली.

इंजिन थंड हवं. थंड म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, तासाभरापूर्वी बंद केलेली नव्हे. बऱ्याच जपानी मॅन्युअलमध्ये इंजिन ३५ अंशांच्या खाली असलं पाहिजे असं लिहिलेलं असतं, आता मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरवाल्यांनी काय करायचं, तर पहाटे उठायचं. दुपारी शेडमध्ये ४४ अंशांत मोजलेल्या गॅपला अर्थ नाही.

प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरतो. मॅग्नेट साईडच्या कव्हरची खिडकी उघडून टी मार्क (टीडीसीची खूण) जुळवा. इथे सगळे फसतात, टी मार्क दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दोन्ही रॉकर हाताने हलकेच टकटक हलतायत तर कॉम्प्रेशन टीडीसी. एखादा दाबलेला आहे, किंवा क्रँक किंचित पुढे-मागे केला की रॉकर लगेच हलतो, तर पूर्ण एक फेरी फिरवा. ६५० ट्विनवाल्यांनी लक्षात ठेवा की तुमचा क्रँक २७० अंशांचा आहे, एका सिलेंडरला टीडीसी लावून दुसऱ्याचे टॅपेट सेट करता येत नाहीत.

मग फिलर गेज. पाते थोडं ओढ लागून सरकलं पाहिजे, कोंबायचं नाही. माझी खात्री करायची पद्धत म्हणजे पुढच्या मापाचं पाते घालून बघायचं, ०.१० एमएम पाहिजे तर ०.१० जायला हवं आणि ०.१३ नाही. उस्ताद लोक थाउमध्ये (इंचाचा हजारावा भाग) बोलतात, त्यांचे चार थाउ म्हणजे आपले ०.१०, दोन थाउ म्हणजे ०.०५. स्क्रूची पिच ०.५ एमएम असेल तर पूर्ण एक फेरी म्हणजे अर्धा एमएम, म्हणजे एक दशांश फेरीत ०.०५ बदलतो, केवढ्याशा हालचालीने काम बिघडतं बघा. लॉकनट टाईट केला की स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतोच, म्हणून नट टाईट केल्यावर परत मोजायचं, आणि क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून आणखी एकदा.

गेजने बरोबर सेट केलं, नट टाईट करून परत मोजलं, तरी वाजतंय. आता?

हा माझा आवडता प्रश्न आहे. रॉकरचं टोक किंवा व्हॉल्व्हच्या दांडीचं डोकं झिजून तिथे बारीक खळगा पडलेला असतो. फिलर गेजचं पाते सपाट, ते खळग्याच्या दोन कडांवर पूल टाकल्यासारखं बसतं, खळग्यात उतरत नाही. तुम्ही मोजलात ०.१०, पण धातू ते धातू खरा गॅप त्यापेक्षा खळग्याच्या खोलीइतका जास्त. मग मेकॅनिक अजून टाईट करतो, अजून टाईट करतो, आणि एक दिवस पाते जातच नाही तरी आवाज आहे.

स्क्रू बाहेर काढा आणि टॉर्च मारून टोक बघा, गुळगुळीत गोल आणि चकचकीत असलं पाहिजे. मधोमध चपटं वर्तुळ किंवा खड्डा दिसला तर स्क्रू बदला, पैसे फार लागत नाहीत. कॅमच्या बाजूचा रॉकरचा पॅड पण बघा, तिथे पोपडे निघाल्यासारखे खड्डे असतील तर रॉकर आणि कॅम दोन्ही जोडीने बदलावे लागतात, एक नवीन आणि एक जुना घातला तर जुना नव्याला खातो. रॉकर शाफ्टवर रॉकर वर-खाली हलवून बघा, तिथे लूज असेल तर गेजला ते कळत नाही पण कानाला कळतं. तेही ठीक असेल तर व्हॉल्व्ह गाईड, सकाळी स्टार्टला निळा धूर येतो का एवढं बघा.

३९० ला स्क्रूच नाहीये. शिमचं काय?

३९० ला डीओएचसी हेड आहे, म्हणजे हेडमध्येच दोन कॅम, आणि कॅमखाली फिंगर फॉलोअर (छोट्या दांड्या) आहेत, गॅप शिमने, म्हणजे ठराविक जाडीच्या छोट्या चकतीने ठरतो. मोजणं तेवढंच सोपं, बदलणं मात्र शिमच्या मापावर. हिशोब सरळ आहे, जुनी शिम अधिक मोजलेला गॅप वजा पाहिजे तो गॅप. समजा शिम २.४५, मोजला ०.२२, पाहिजे ०.१५, तर उत्तर २.५२. तुमच्याकडे २.५० आहे, ती टाकली तर गॅप ०.१७ राहील, रेंजमध्ये बसत असेल तर बास. जुन्या शिमवर छापलेला आकडा खरा धरू नका, मायक्रोमीटर लावा, झिजलेली असते किंवा कुणीतरी घासलेली असते.

या प्रकारच्या इंजिनात एक उलटी गोष्ट होते. किलोमीटर वाढले की गॅप बहुतेक वेळा कमी होतो, वाढत नाही, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू आत बसत जातो. म्हणजे जुनी होत गेलेली ३९० "आता शांत झाली" म्हणून खूश होण्यापेक्षा गॅप चेक करा. आणि कॅम काढायचे असतील तर टायमिंगच्या खुणांचा फोटो आधी काढा.

माझी क्लासिक यूसीई इंजिनची आहे, टॅपेट सेटिंग किती ठेवू?

किती पण नाही. यूसीईला (एनफिल्डचं युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) हायड्रॉलिक टॅपेट आहेत, आत छोटा पिस्टन आणि चेक बॉल असतो, ऑईल भरून ते स्वतः गॅप शून्य ठेवतात. आठवडाभर उभ्या गाडीत ऑईल खाली उतरतं, त्यामुळे स्टार्टला काही सेकंद टिकटिक, मग बंद, हे ठीक आहे. गरम झाल्यावर पण चालूच असेल तर आधी ऑईल लेव्हल. कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि जास्त असेल तर पण क्रँक ते घुसळून फेस करतो, हायड्रॉलिकमध्ये हवा गेली की ते दबतं आणि वाजतं. ते पण ठीक असेल तर टॅपेट घाणीने अडकलंय किंवा प्रेशर पडतंय.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा प्रकार वेगळा. तिथे थंड इंजिन, कॉम्प्रेशन टीडीसी, आणि पुशरॉड (खालच्या कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणारी दांडी) दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. गेज लागत नाही, बोटांना सवय लागते. दर रविवारी ते झाकण उघडणारे काका आहेत, त्यांच्या गाड्या खरंच गोड वाजतात.

जाड ऑईल टाकलं तर आवाज जातो म्हणे?

दबतो. जात नाही. १०डब्ल्यू-४० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं की सकाळी ते हेडपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि हेड पंपापासून सगळ्यात लांब असतं, म्हणजे आवाज कमी आणि झीज जास्त असा सौदा. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला) बाईकला जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑईलची जपानी श्रेणी) लिहिलेलंच ऑईल, कारचं ऑईल किंवा आवाज घालवणारी बाटली टाकली तर क्लच स्लिप व्हायला लागेल.

हेड नुकतंच उघडलं होतं आणि तेव्हापासून वाजतंय? गास्केट मेकर ढीगभर लावला असेल तर तो आत सुटून ऑईलच्या बारीक भोकात अडकतो आणि वर ऑईलच जात नाही. कव्हर उघडून कॅम कोरडी आहे का बघा.

हाय-लिफ्ट कॅम टाकली, तेव्हापासून टिकटिक. कॅम खराब दिली का?

गरजेचं नाही. परफॉर्मन्स कॅमचा उतार तीव्र असतो, व्हॉल्व्ह पटकन उघडतो आणि पटकन बसतो, त्यामुळे कंपनीच्या कॅमपेक्षा आवाज थोडा जास्त येणारच. आणि गॅप कॅम बनवणाऱ्याने दिलेला ठेवायचा, गाडीच्या मॅन्युअलमधला नाही, ही चूक फार होते.

पण फिटिंग करताना तीन गोष्टी तपासल्या होत्या का ते विचारा. एक, पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर) स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना. दोन, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) गाईडच्या सीलला लागत नाही ना. तीन, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा, त्यासाठी पिस्टनवर मुलांची प्लास्टिसिन क्ले लावून, हेड बसवून, हाताने दोन फेऱ्या फिरवून, मग क्ले कापून जाडी मोजतात. अमेरिकन व्ही-८ वाले साधारण इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ एमएम कमीत कमी धरतात, तुमच्या कॅमवाल्याचा आकडा असेल तो खरा. हेडला फेस मारून (तळ घासून सपाट करून) घेतला असेल तर ही जागा आणखी कमी झालेली असते, शिवाय ओव्हरहेड कॅमचं टायमिंग पण थोडं मागे सरकतं.

फक्त वरच्या आरपीएमला खडखड येते आणि पॉवर तुटते.

व्हॉल्व्ह फ्लोटचा संशय. ९००० ला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो-बंद होतो, स्प्रिंगला त्याला कॅमवर चिकटवून ठेवायचं असतं. लागणारं बळ आरपीएमच्या वर्गाने वाढतं, म्हणजे रिमॅपमध्ये लिमिटर ९००० वरून १०५०० केला तर बळ ३६ टक्क्यांनी जास्त लागतं, आणि स्प्रिंग मात्र तीच, ती पण थकलेली. व्हॉल्व्ह कॅमवरून सुटतो, सीटवर आपटून उडतो, आणि पिस्टन वर येतोय. लिमिटर खाली आणा आणि स्प्रिंगची मोकळी उंची आणि प्रेशर मोजून घ्या.

चुकून खालचा गिअर पडला असेल तर लिमिटर काही करू शकत नाही, मागचं चाकच इंजिन फिरवतं. त्यानंतर नवीन टिकटिक सुरू झाली आणि कॉम्प्रेशन कमी लागतंय, तर व्हॉल्व्ह वाकलाय असं धरूनच चाला.

भाऊ टेक्सासला आहे, त्याच्या व्ही-८ ला पण टिकटिक आहे. हेच लागू?

बरंचसं. तिथे पण पहिला संशय एक्झॉस्ट, मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो. त्या पुशरॉड इंजिनांत हायड्रॉलिक रोलर लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडमधले भाग) असतात, हेड घासलं किंवा वेगळ्या जाडीचं गास्केट घातलं तर पुशरॉडची लांबी परत मोजावी लागते, नाहीतर लिफ्टरचा प्रीलोड (तो आत किती दाबलेला राहतो) चुकतो. आणि लिफ्टरचा रोलर फिरायचा थांबला तर तो कॅम कोरत सुटतो, त्यामुळे गरम झाल्यावरही न जाणारी टिकटिक असेल तर त्याने चालवत राहू नये.

आरएक्स १०० चं टॅपेट सेट करायचंय, कुठे मिळेल चांगला मेकॅनिक?

दादा, आरएक्स टू-स्ट्रोक आहे. टॅपेट नाही, कॅम नाही, व्हॉल्व्ह म्हणाल तर इनटेकला रीड (पातळ पट्टीची झडप). वरून टिकटिक येत असेल तर पिस्टन, पिन किंवा स्मॉल एंड बघून घ्या.

आवाज आलाय, पण घर ८० किलोमीटर आहे. चालवत आणू?

एकसारखी बारीक टिकटिक, ऑईल लेव्हल बरोबर, ऑईलचा दिवा बंद, पॉवर नॉर्मल, तर सावकाश या. अचानक सुरू झालेला मोठा आवाज, मिसफायर, ऑईलचा दिवा किंवा खालून ठोका, यातलं एक जरी असलं तरी टेम्पो बोलवा, टेम्पोचं भाडं नेहमी क्रँकपेक्षा स्वस्तच पडतं. घरी आल्यावर ऑईल काढाल तेव्हा ते उन्हात पांढऱ्या डब्यात धरा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर चालतं, चमचमणारे कण किंवा टोचणारी कपची निघाली तर कॅम, रॉकर आणि बेअरिंग बघितल्याशिवाय परत स्टार्ट करू नका.

सेकंड हँड परफॉर्मन्स गाडी घेताना हेडचा आवाज कसा चेक करू?

मालकाला आधीच फोन करून सांगा की गाडी थंड ठेवा, मी येतो. पोचल्यावर सेल्फ मारायच्या आधी हेडला हात लावा. गरम लागली तर तिने आधीच एक चक्कर मारलेली आहे, गप्पा मारा, चहा घ्या, तास-दीड तास थांबायची तयारी ठेवा, घाई करायला लागला तर तेही एक उत्तरच आहे. थंड स्टार्टचा पहिला मिनिट रेकॉर्ड करा. मग दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, एक चढ असला तर बरं, आणि परत आल्यावर बंद करून लगेच परत स्टार्ट करा. गरम स्टार्टला त्रास देणारी आणि अगदी शांत वाजणारी गाडी असेल तर किमतीतून शिम आणि हेडच्या कामाचे पैसे वजा करूनच बोला.